सुखवस्तू घरांतील किशोरवयीन मुलांचे स्वयंसेवी काम: कोणाच्या सोयीने आणि कोणाच्या उपयोगाचे?

चांदणवेल

नमस्कार. आमचा मुलगा पुण्यातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत अकरावीला आहे. त्यांच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या दोन वर्षांत सहा विषयांच्या जोडीला ‘कॅस’ नावाचा एक भाग असतो आणि त्यात सर्जनशील उपक्रम, शारीरिक उपक्रम व सेवा अशा तीन गोष्टी येतात. या भागाला गुण नाहीत. पण तो पुरा केल्याशिवाय डिप्लोमाही मिळत नाही. साधारण अठरा महिने तो चालू ठेवावा लागतो, किमान महिनाभर चालेल असा एक प्रकल्प त्यात असावा लागतो आणि केलेल्या कामावर मुलांनी आपले चिंतन लिहून ठेवायचे असते. पूर्वी तास मोजत असत. अभ्यासक्रमाने ते आता सोडून दिले आहे, तरी पालकांच्या बोलण्यात अजून ‘तुमच्याकडे सेवेचे किती तास झाले’ हाच प्रश्न असतो. सीबीएसईच्या शाळांत नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या अंतर्गत ‘सेवा’ हा घटक आहे आणि आयसीएसईला एसयूपीडब्ल्यू, म्हणजे समाजोपयोगी उत्पादक कार्य, आहे, तेव्हा हा विषय एकाच प्रकारच्या शाळांपुरता नाही.

आम्ही बाणेरला राहतो. सोसायटीशेजारी एका मोठ्या गृहप्रकल्पाचे बांधकाम चालू असून त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प आहे. सोसायटीतील सहा मुलामुलींनी दिवाळीनंतर तिथल्या लहान मुलांसाठी दर रविवारी दुपारी वर्ग सुरू केला. साइटवरच्या सुपरवायझरने सिमेंटची पोती ठेवायची एक खोली रिकामी करून दिली. इंग्रजी, चित्रकला, थोडे गणित आणि खेळ असे वर्गाचे स्वरूप आहे. आमची मुले मनापासून जातात, याविषयी मला शंका नाही. परंतु एका इमारतीचा स्लॅब पूर्ण झाला की दहा-बारा कुटुंबे निघून जातात आणि त्यांच्या जागी दुसरी येतात, त्यामुळे वर्गातील चेहरे सतत बदलत राहतात. काही मुले घरी कन्नड बोलतात, काही लमाणी, काही छत्तीसगढी. शिकवणारे इंग्रजी आणि हिंदीत बोलतात. मराठीत दोन वाक्यांपुढे त्यांची गाडी अडते, आणि याला आम्ही पालकच कारण आहोत.

आता पालकांचा उत्साह वाढू लागला आहे. उपक्रमाला नाव हवे, संकेतस्थळ हवे, छायाचित्रे हवीत, असे सुचवले जात आहे. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात उपयोग व्हावा म्हणून प्रत्येक मुलाच्या नावापुढे ‘संस्थापक’ असे लिहावे, असा प्रस्तावही एका गृहस्थांनी मांडला. सहा जणांच्या वर्गाला सहा संस्थापक! मुलांचा हेतू शुद्ध आहे की नाही, या चर्चेत मला रस नाही. वर्ग चालू ठेवावा का, ठेवल्यास कसा ठेवावा आणि सतरा वर्षांच्या मुलांच्या हातून खरोखर उपयोगी पडेल असे दुसरे कोणते काम आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. या कामाच्या दोन्ही बाजूंना राहिलेल्या सदस्यांनी लिहावे, ही विनंती.

आडवाट

स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी स्वयंसेवकांचे नियोजन पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न रविवारचा आहे. बहुतेक कॅम्पांवर मजुरांना आठवड्याची खर्ची मिळाली की बाजाराचा दिवस येतो, आणि तो दिवस पुष्कळदा रविवारच असतो. त्या दिवशी आईवडील मोकळे असतात, कपडे धुतले जातात, मुलांना बरोबर घेऊन बाजारहाट होतो. म्हणजे मुलांना आईवडील मिळतात त्या एकमेव दिवशी आपण त्यांना वर्गात बसवतो आणि उरलेले सहा दिवस, जेव्हा ती साइटवर खडीच्या ढिगावर आणि लिफ्टच्या उघड्या खड्ड्यांजवळ हिंडत असतात, तेव्हा तिथे कोणी नसते. तुमच्या मुलांच्या शाळेचे वेळापत्रक पाहता रविवारच सोयीचा आहे हे मान्य आहे, पण हा वर्ग कोणाच्या सोयीने ठरला ते त्यातून कळते.

दुसरा आणि मोठा प्रश्न असा की सहा ते चौदा वयाची ही मुले शाळेत दाखल आहेत का. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो, जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणून अडवून ठेवता येत नाही. कायदा स्पष्ट आहे, तरी मुले कॅम्पवरच राहतात. महापालिकेची शाळा महामार्गाच्या पलीकडे असते आणि सात वर्षांच्या मुलाला रस्ता ओलांडून नेणारे कोणी नसते. दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते आणि ते सोडून तिला जाता येत नाही. पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची खोली हवी, असे बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यानेच सांगितले होते. किती साइटवर ती खोली दिसते, हे ज्याने त्याने आपल्या शेजारी डोकावून पाहावे. पाळणाघर नसले की थोरल्या बहिणीची शाळा सुटते, असा हा सरळ संबंध आहे, आणि रविवारच्या इंग्रजीने त्यात काही फरक पडत नाही.

तुमच्या सहा जणांनी एक वही करावी. तिच्यात मुलाचे नाव, अंदाजे वय, मूळ गाव, घरात बोलली जाणारी भाषा, शेवटची इयत्ता, आईवडिलांपैकी एकाचा फोन आणि मुकादमाचा फोन एवढेच असावे, आणि दर महिन्याला ती वही ताजी करावी. ऐकायला हे अगदी रटाळ काम आहे. पण कुटुंब वाकडहून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मांजरी भागात गेले तर तिथल्या शाळेशी संपर्क साधता येईल अशी नोंद आमच्यासारख्या संस्थांकडेही अपुरी असते. यादी तयार झाली की मुलांनी एकट्याने काही करू नये. पालकांपैकी कोणी मुख्याध्यापकांना भेटावे. संकेतस्थळाला लागणारे पैसे शाळेपर्यंतच्या रिक्षाला किंवा छोट्या व्हॅनला द्यावेत. वर्ग चालू ठेवायचाच असेल, तर आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तासभर गोष्टी मोठ्याने वाचून दाखवणे आणि मुलांकडून वाचून घेणे एवढेच ठेवावे.

याच कामात मुरलेल्या संस्था शहरात आहेत. डोअर स्टेप स्कूल १९८८ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १९९३ पासून ते पुण्यात बांधकामांवरच्या मुलांसाठी काम करत आहे. नवे नाव काढण्यापूर्वी अशा ठिकाणी जाऊन, आम्हाला काय करू द्याल, असे विचारावे. आकांक्षा फाउंडेशनचा इतिहासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. शाहीन मिस्त्री सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना, स्वतः सुस्थितीतल्या घरातून आलेल्या असूनही, दक्षिण मुंबईतील वस्तीतल्या मुलांना शिकवू लागल्या आणि १९९१ साली संस्था उभी राहिली; सुरुवातीला शिकवणारे बरेचसे महाविद्यालयीन तरुणच होते. पुढे मात्र या संस्थेने मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांबरोबर पूर्ण वेळ शाळा चालवायला घेतल्या आणि तिथे पगारी शिक्षक नेमले. शाळेनंतरच्या दोन तासांनी जे होत नाही, ते दिवसभराच्या चांगल्या शाळेने होते, हे त्यांनी स्वतःच्या कामावरून ओळखले.

तिरकस

आडवाट यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यांनी फार सौम्यपणे लिहिले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित गटांतील मुलांना द्यायच्या असतात. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट दिली, आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. या मधल्या काळात शहरांतल्या पालकांच्या गटांत जे समाधान व्यक्त होत होते ते मी वाचलेले आहे. आपल्या मुलाच्या शेजारच्या बाकावर मजुराचा मुलगा नको, पण रविवारी आपल्या मुलाने त्याला शिकवावे आणि त्यावर निबंध लिहावा, ही व्यवस्था आपल्याला फार सोयीची वाटते.

आणखी एक विचारतो. चांदणवेल, तुमच्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बायकांना कोणत्या लिफ्टने जावे लागते? रखवालदारांना आणि त्यांना वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का? सेवेसाठी कुंपणाबाहेर जाण्याची गरज आहेच, असे मला वाटत नाही.

अबोली

मी दुसऱ्या बाजूची आहे. पुण्यातील एका डोंगरउतारावरच्या वस्तीत वाढले. आमच्याकडे शनिवार-रविवारी एका संस्थेमार्फत मोठ्या शाळा-कॉलेजांतले दादा-ताई यायचे. आज मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात नोकरी करते; याचे श्रेय मी त्यांना देत नाही आणि ते नाकारतही नाही. मला आठवते ते जसेच्या तसे लिहिते.

दर वर्षी जूनमध्ये नवे दादा-ताई येत आणि दर वर्षी आम्ही पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करत असू. आधीच्यांनी काय शिकवले, कोणाला काय येते, याची नोंद एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जात नसे. सातवीत असतानाही मी फळांची इंग्रजी नावे म्हणत होते, कारण नव्या ताईंना ती शिकवायची फार हौस होती आणि त्यांना नाराज करणे आम्हाला बरे वाटत नव्हते. शिकवायला येणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून लहान मुले किती सांभाळून वागतात, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. ‘अजून आठवत नाही’ असे आम्ही मुद्दाम म्हणत असू.

वर्गाची वेळ चार होती आणि नळाला पाणीही चारलाच येई. मुली उशिरा येतात, त्यांना शिस्त नाही, असे आमच्याविषयी बोलले जाई. एका ताईने एकदा घरी येऊन रांगेतली हंडे-बादल्यांची ओळ पाहिली आणि पुढच्या आठवड्यापासून वर्ग साडेपाचला भरू लागला. ती ताई बारावी होईपर्यंत येत राहिली. तिने आम्हा चार-पाच जणींना अपूर्णांक शिकवले, आणि ते तिने आमच्या शाळेच्या, म्हणजे राज्य मंडळाच्या मराठी पुस्तकातून शिकवले. अंश, छेद, लसावि हे शब्द तिलाही नवे होते. ती आदल्या दिवशी घरी वाचून यायची. आमच्या शाळेच्या परीक्षेत उपयोगी पडलेली तेवढी एकच गोष्ट मला आठवते.

छायाचित्रांविषयी आग्रहाने सांगते. माझे दहा वर्षांची असतानाचे एक छायाचित्र, पेन्सिलींचा खोका हातात घेतलेले, कित्येक वर्षे एका माहितीपत्रकावर होते. माझ्या आईला कोणी विचारले नव्हते. नोकरीला लागल्यावर ते एका सहकाऱ्याने मला दाखवले, तेव्हा काय वाटले ते इथे लिहिणार नाही. बालगृहांतल्या मुलांची ओळख उघड करण्यास तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदीच आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वस्तीतल्या किंवा कॅम्पवरच्या मुलांना ते कलम सरसकट लागू होत नसेल, पण तुमच्या मुलांची शाळा परवानगीपत्राशिवाय त्यांचे छायाचित्र कुठे छापते का, याचा विचार पालकांनी करावा.

ध्वनिरेषा

मी पूर्ण अंध आहे आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने हा धागा वाचला. सतरा वर्षांच्या मुलाने करण्यासारखे काम कोणते, या प्रश्नाला माझ्याकडे अगदी नेमके उत्तर आहे: लेखनिक.

दहावी-बारावीच्या आणि पुढच्या परीक्षांत अंध विद्यार्थी उत्तर तोंडी सांगतो आणि लेखनिक ते उतरवून घेतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, परीक्षार्थी स्वतः लेखनिक आणत असेल तर त्या लेखनिकाची पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालची असावी, असे सांगितले होते. म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्याला नववीतला मुलगा चालतो, बारावीच्या विद्यार्थ्याला अकरावीतली मुलगी चालते, आणि पदवीधर काका-मावश्या कितीही तयार असल्या तरी चालत नाहीत. किशोरवयीन मुलांनाच करता येते असे दुसरे स्वयंसेवी काम मला माहीत नाही. अडचण अशी येते की राज्य मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि त्याच सुमारास नववी-अकरावीच्या मुलांच्या परीक्षाही जवळ आलेल्या असतात, त्यामुळे पालक पाठवायला तयार होत नाहीत. आयबीची अंतिम परीक्षा आपल्याकडे बहुतेक शाळांत दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात होते. पहिल्या वर्षातल्या मुलाला फेब्रुवारी-मार्च तुलनेने मोकळा असतो. चांदणवेल, तुमचा मुलगा आज अकरावीत आहे, म्हणजे हा त्याचा योग्य वेळ आहे.

आता दुसरी बाजू. परीक्षार्थीला तासामागे किमान वीस मिनिटे जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला चार तास सलग लिहावे लागते. परीक्षार्थी मराठी माध्यमाचा असला तर लेखनिकाला मराठी वेगाने आणि शुद्ध लिहिता आले पाहिजे. ‘औद्योगिकीकरणाची वैशिष्ट्ये’ असे सांगितल्यावर तो अक्षर जुळवत बसला, तर समोरच्या विद्यार्थ्याचा विचार तिथेच तुटतो. मला बारावीला मिळालेला लेखनिक अतिशय सज्जन मुलगा होता, पण इतिहासाच्या उत्तरांत त्याने माझी वाक्ये स्वतःला लिहिता येतील एवढी लहान करून टाकली, आणि हे मला घरी गेल्यावर त्याच्या बोलण्यातून समजले. म्हणून परीक्षेआधी निदान दोन महिने, आठवड्यातून एकदा दोघांनी बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला हव्यात. बोलण्याचा वेग, थांबण्याच्या जागा, परिच्छेद कुठे तोडायचा, चुकलेले वाक्य कसे खोडायचे, हे सगळे सरावानेच जुळते. परीक्षेच्या दिवशी लेखनिक आला नाही तर समोरच्याचे वर्ष वाया जाऊ शकते. त्या दिवशी ताप आला, पाहुणे आले, सहल ठरली, असे काही सांगता येत नाही.

लिहिण्याचा वेग नसेल त्यांच्यासाठी दुसरे काम आहे. मराठी पुस्तके स्कॅन करून संगणकाने वाचलेला मजकूर आम्हाला मिळतो, पण त्यात रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांची दैना झालेली असते. मूळ पानाशी ताडून तो दुरुस्त करणारे हात फार कमी आहेत. दृष्टिबाधितांसाठी २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात इंग्रजीच्या मानाने मराठीचा भाग तुटपुंजा आहे. हे काम घरी बसून करता येते, त्यात कोणाबरोबर छायाचित्र निघत नाही, आणि मुलांचे मराठीही सुधारेल.

पोटोमॅककाठचा

इथे अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शाळा पूर्ण करण्यासाठी पंचाहत्तर तासांचे सेवाकार्य राज्याच्या नियमानेच लागते. कॅनडातल्या ऑन्टारिओत राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलांना चाळीस तास लागतात. सक्तीमुळे ढोंग वाढते, असे आपण सहज म्हणतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. सर्वांनाच करावे लागते, म्हणून त्याची बढाई मारता येत नाही. बहुतेक मुले फूड बँकेत डबे लावतात, ग्रंथालयात पुस्तके जागच्या जागी ठेवतात, आणि कोणी स्वतःला संस्थापक म्हणवत नाही. काम संस्थेने ठरवलेले असते आणि सही संस्थेची असते.

विद्यापीठांच्या अर्जांविषयी पालकांना एक सांगायला हवे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाच्या पुढाकाराने २०१६ साली निघालेल्या एका अहवालात प्रवेश अधिकाऱ्यांनाच अशी शिफारस केली होती की दूरदेशी जाऊन केलेल्या दिखाऊ सेवेपेक्षा दीर्घकाळ केलेल्या कामाला महत्त्व द्यावे, आणि घरातल्या धाकट्या भावंडांना सांभाळणे किंवा घर चालवायला नोकरी करणे हेही योगदानच धरावे. आडवाट यांनी लिहिलेली ती कडेवर मूल घेतलेली दहा वर्षांची मुलगी या हिशेबाने आपल्या सर्वांच्या मुलांपेक्षा पुष्कळ पुढे आहे. सगळी विद्यापीठे ही शिफारस पाळतात असे मी म्हणणार नाही. सल्लागारांचा धंदा तर जोरात चालू आहे.

मितभाषी

मी सतरा वर्षांचा आहे, अशाच एका शाळेत शिकतो आणि हा प्रतिसाद आजोबांकडून तपासून घेतला आहे. इथे सगळे मोठे लोक आमच्याविषयी बोलत आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

आम्हाला जे चिंतन लिहायचे असते त्यात आम्ही काय शिकलो, आमचे कोणते गुण वाढले, कोणते आव्हान स्वीकारले, हे विचारलेले असते. ज्यांच्यासाठी काम केले त्यांचे काय झाले, हे लिहायला कोणी मनाई करत नाही, पण तसे विचारतही नाही. त्यामुळे वर्गातली बहुतेक मुले ‘मला माझ्या सुदैवाची जाणीव झाली’ असे लिहितात. मीही तसे लिहू शकलो असतो. गणपतीत नदीकाठच्या घाटावर निर्माल्य गोळा करण्याचे काम मी करतो, आणि तिथे माझ्याबरोबर कचरावेचक काकू असतात. प्लास्टिक, कापड आणि फुले वेगळी करण्याचा त्यांचा वेग माझ्या चौपट आहे. तिथे मी कोणाला काही देत नसून त्यांच्या हाताखाली काम करतो. हे मला शाळेच्या रकान्यात बसवता आले नाही, कारण तिथे ‘तुम्ही कोणते नेतृत्व केले’ असा प्रश्न होता.

दुसरे असे की तिरकस काकांचे म्हणणे खरे असले तरी पंचवीस टक्क्यांविषयी निर्णय आम्ही घेतलेला नाही. आम्हाला शाळेत घातले तेव्हा आम्ही तीन वर्षांचे होतो. आम्ही आता काय करावे, हे सांगणारे ध्वनिरेषा यांचे लेखन मला अधिक उपयोगी वाटले. माझे मराठी लेखन चार तास टिकेल का, याची परीक्षा मी घेणार आहे.

चांदणवेल

सर्वांचे आभार. या आठवड्यात मुलांना बसवून धागा मोठ्याने वाचून दाखवला. दोघांना राग आला, विशेषतः रविवारच्या मुद्द्यावर, कारण तो दिवस कॅम्पवरच्या लोकांना कसा पडतो हे त्यांनी विचारलेच नव्हते. मग ती स्वतः जाऊन बायकांशी बोलली. आडवाट म्हणतात तसेच निघाले. बुधवार आणि शुक्रवारची संध्याकाळ चालेल, पण दिवे लागल्यावर मुलांना एकटे सोडणार नाही, खोलीच्या दाराशी कोणीतरी आई बसेल, अशी अट त्यांनी घातली. ती मला फार योग्य वाटली. आमच्याकडूनही एक मोठे माणूस दर वेळी हजर राहील. संकेतस्थळ आणि संस्थापक या दोन्ही गोष्टी रद्द झाल्या आहेत. एका कुटुंबाने मुलीला या उपक्रमातून काढून घेतले. त्यांना ‘प्रोफाइल’साठी दुसरे काहीतरी शोधायचे आहे.

तिरकस, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की आमच्याकडे कामाच्या बायकांनी सामानाच्या लिफ्टनेच जावे असा फलक आहे आणि तळमजल्यावरचे स्वच्छतागृह कुलूपबंद असते. मुलांनी कमिटीला लेखी अर्ज दिला आहे. स्वच्छतागृहाचे कुलूप काढायला कमिटी तयार झाली. लिफ्टचा विषय वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकलला. सभेत कोण काय बोलते ते पाहण्यासारखे असेल.

आता दोन शंका आहेत. वहीत मुलांची आणि पालकांची माहिती लिहायची, तर ती कोणाजवळ राहावी? आणि आमच्यापैकी तिघांना लेखनिक व्हायचे आहे, पण त्यांची मराठी लिहिण्याची सवय सातवीनंतर सुटली आहे. त्यांनी कोणाकडे जावे?

आडवाट

वही मुलांच्या फोनमध्ये किंवा कोणत्याही समाजमाध्यमी गटावर नको. एकच कागदी प्रत असावी आणि ती तुमच्यापैकी एका प्रौढ व्यक्तीजवळ राहावी. माहिती विचारताना ती कशासाठी हवी आहे ते आईवडिलांना त्यांच्या भाषेत सांगावे. कन्नड आणि लमाणी बोलणारी एखादी बाई कॅम्पवरच सापडेल, तिला या कामासाठी मानधन द्यावे. बरेच लोक फोन क्रमांक द्यायला कचरतात, कारण ज्याच्याकडून आगाऊ उचल घेतली त्या मुकादमाला आपला पुढचा ठावठिकाणा कळू नये असे त्यांना वाटते. ते देत नसतील तर आग्रह करू नये आणि मुकादमाला विचारून तो मिळवू नये. माझ्या आधीच्या प्रतिसादात मुकादमाचा फोनही नोंदवायला सांगितला होता. तो साइटवरच्या कामापुरताच वापरावा. मेमध्ये बरीच कुटुंबे गावी जातात, म्हणून शाळाप्रवेशाचे काम जूनच्या पहिल्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. तेव्हा तुमची मुले परदेशी सहलीवर असणार असतील, तर ते आताच ठरवून दुसऱ्या कोणाला तरी तयार करा.

ध्वनिरेषा

तिघांपैकी प्रत्येकाने आज राज्य मंडळाच्या अकरावीच्या इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या पुस्तकातला एक उतारा कोणाला तरी वाचायला सांगून वीस मिनिटे लिहून पाहावा. वाचणाऱ्याने नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने वाचावे, थांबू नये. लिहिलेले पान दुसऱ्या माणसाला वाचता आले तर पुढे जाऊ. मग आपापल्या भागातील अंधशाळेत किंवा अंध विद्यार्थी शिकत असलेल्या महाविद्यालयात जाऊन आपले नाव, इयत्ता आणि लिहिण्याची भाषा नोंदवावी, आणि हे डिसेंबरच्या आत करावे, कारण लेखनिकासाठी परीक्षार्थीच्या शाळेमार्फत विभागीय मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. लेखनिकाच्या शाळेकडून त्याच्या इयत्तेचा दाखलाही लागतो. आंतरराष्ट्रीय शाळेने तो देताना ‘अकरावीशी समकक्ष’ असे स्पष्ट लिहून द्यावे, नाहीतर परीक्षा केंद्रावर वाद होतात. इंग्रजी माध्यमाचे अंध विद्यार्थीही असतात, तेव्हा ज्याचे मराठी अगदीच अडखळते त्याने निराश होऊन परत जाऊ नये, फक्त नोंदवताना खरे सांगावे. मितभाषी, तुमच्या आजोबांना अजून लिहून घेण्याचा सराव देता येत असेल, तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा.